वाहन आणि औषध

पोटांत गेलेली गोळी आहे तशीच काम करते, अशी आपली समजूत असते. १९३५ सालीं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें या समजुतीस मोठा धक्का बसला. जंतुनाशक म्हणून गाजलेला 'प्रॉन्टोसिल' हा लाल रंग शरीरांत दुभंगतो आणि त्यांतील बिनरंगी सल्फानिलमाइडच काम करतें, असें तेथें दिसून आलें.

पुढें स्वीडनमध्यें डॉ. नान्ना स्वार्ट्‌झ (या बाई होत, नांवावरून आमच्या वाचकांनीं कोणा पुणेकर नानांची आठवण काढूं नये) यांनीं सल्फापिरिडिन व सॅलिसिलिक आम्लाचा एक भाईबंद यांची तशीच गांठ बांधविली. रोख संधिवातावर होता. पण मोठ्या आंतड्याच्या व्रणयुक्त दाहांतहि गुण आला, आणि १९४२ सालीं तो प्रसिद्ध झाला. बरेंचसें औषध न मोडतां मोठ्या आंतड्यापर्यंत पोंचतें व तेथले जंतूच ती गांठ सोडतात.

पण दोहोंपैकीं गुण कोणाचा? रोगी मळमळ व डोकेंदुखी सोशीत राहिले, आणि इतक्या साध्या प्रश्नास पस्तीस वर्षें लागलीं, याचा आम्हांस थोडा रागच येतो. १९७७ सालीं ऑक्सफर्ड येथें आझाद खान व ट्रूलव्ह प्रभृतींनीं मूळ औषध व त्याचे दोन्ही भाग निरनिराळ्या रोग्यांस बस्तीनें दिले. सल्फापिरिडिनचा फारसा उपयोग झाला नाहीं. गुण सॅलिसिलेटाचा ठरला. उपद्रव बहुतांशीं वाहनाचेच होते!

हें सॅलिसिलेट अतिनील किरणांत चमकतें. त्या चमकेवरून तें मोजतां येतें. अलीकडे तर रसायनशास्त्रज्ञ वाहनच असें घडवूं पाहतात कीं, औषध सुटतांच तें उजळावें.