काळोख्या खोलीतील विद्या

हैदराबादच्या नामपल्ली भागात, रेल्वे स्थानकापासून थोड्याच अंतरावर, 'बाग-ए-आम' या नावाने ओळखले जाणारे सार्वजनिक उद्यान आहे. त्याच उद्यानात राज्याचे पुरातत्त्व संग्रहालय असून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींसाठी तेथे दालन उभारण्यात आले. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे अजिंठ्याच्या लेण्यांची देखभालही हैदराबादहूनच होत असे. तेथील पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावरील आपला ग्रंथ चार भागांत सिद्ध केला. त्यातील चित्रे छायाचित्रणाच्या आधारे तयार केली आहेत, हे ग्रंथाच्या नावातच नमूद आहे.

छायाचित्रणाचा हा आग्रह का धरला गेला, याचे उत्तर मागील शतकातील दोन आगींत सापडते. १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून तेथील चित्रांच्या मोठमोठ्या नकला काढल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेतील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली पुन्हा नकला तयार केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. हाताने काढलेली नक्कल एकच असते. ती गेली की सारे श्रम गेले. काचेवर उमटलेल्या ठशाच्या मात्र हव्या तितक्या प्रती निघतात, आणि एक नष्ट झाली तरी दुसरी कोठेतरी उरते.

पण जे चित्रांच्या बाबतीत खरे, तेच विद्येच्या बाबतीतही खरे आहे. एकाच माणसाच्या हातात राहिलेले कसब त्याच्याबरोबर संपते. छायाचित्रणाची विद्या आपल्या देशात रुजली कशी आणि एकाकडून दुसऱ्याकडे गेली कशी, हा इतिहास म्हणूनच पाहण्यासारखा आहे.

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जगापुढे जाहीर झाला. १८५१ मध्ये इंग्लंडातील फ्रेडरिक आर्चर याने काचेवरील ओल्या थराची रीत शोधली. काचेवर कलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, आणि थर वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन ते काळोख्या खोलीत उमटवायचे, अशी ती रीत होती. हाताशी वेळ काही मिनिटांचाच असे. त्यात आपल्याकडील उन्हाळा! विलायतेत लिहिलेली पुस्तके येथे पुरी पडत नसत. कोणत्या ऋतूत द्रावण किती पातळ ठेवावे, काच किती वेळ उघडी ठेवावी, हे ज्याचे हात पोळले होते त्याच्याकडूनच शिकावे लागे.

या गरजेतून १८५४ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. हौशी मंडळींनी एकत्र यावे, आपापली चित्रे एकमेकांना दाखवावी, निबंध वाचावे आणि कृतींची देवाणघेवाण करावी, असे तिचे स्वरूप होते. तिच्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या बरोबरीने डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. नारायण दाजी हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेले डॉक्टर. रसायनांची त्यांना चांगली ओळख होती आणि संस्थेच्या कामात ते पुढे असत. संस्थेच्या आश्रयाने १८५६ पासून सुमारे दोन वर्षे एक मासिक संग्रह निघत असे व त्याच्या प्रत्येक अंकात प्रत्यक्ष छापलेली तीन छायाचित्रे चिकटवलेली असत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन विद्यालयात छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. त्याच वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटला. आपल्याकडे कारागिराचे गुपित बापाकडून मुलाला मिळे, फार तर जावयाला. तीच गोष्ट येथे भर सभेत फळ्यावर मांडली जात होती, हे नवल लहान नव्हे.

तथापि, एकत्र बसून शिकणे वाटते तितके सोपे नसते. १८५६ मध्ये कलकत्त्यातही अशीच संस्था निघाली आणि प्रसिद्ध पंडित राजेंद्रलाल मित्र तिचे खजिनदार झाले. १८५७ च्या एप्रिलमध्ये टाऊन हॉलमधील सभेत त्यांनी गोऱ्या मळेवाल्यांवर कठोर टीका केली. मळेवाल्यांनाही सर्वांसारखेच न्यायालयापुढे उभे राहावे लागावे, या बाजूचे ते होते. या भाषणाचा छायाचित्रणाशी काडीइतकाही संबंध नव्हता. तरी संस्थेने त्यांना काढून टाकले आणि त्यांच्यामागोमाग अनेक भारतीय सभासदही बाहेर पडले. कॅमेऱ्याचे भिंग समोरच्या माणसाचा रंग पाहून प्रकाश आत घेत नाही. सभासदांची यादी मात्र तो पाहत होती. हे नुकसान केवळ बाहेर पडलेल्यांचे नव्हते. जी संस्था एका मतासाठी माणूस गमावते, ती त्याच्या हातातील कसबही गमावते.

हैदराबादच्या वाट्याला आलेला मोठा छायाचित्रकार अशा कोणत्याही संस्थेत घडला नाही. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे झाला. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते १८६६ मध्ये इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या कामावर रुजू झाले. छायाचित्रण ही त्यांची नोकरी सांभाळून केलेली हौस! इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे नोकरी सोडून त्यांनी १८८६ मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ उघडला. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारात स्थान दिले आणि 'राजा' हा किताबही बहाल केला. महाल, शिकारी व मेजवान्या तर त्यांच्या स्टुडिओने टिपल्याच; औरंगाबाद भागातील दुष्काळी कामांवरची माणसेही टिपली.

१८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी 'झनाना स्टुडिओ' सुरू केला. पडद्यातील स्त्रिया परपुरुषासमोर बसणार नाहीत, म्हणून तेथील कारभार श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे सोपवला. ज्या घरांचे दरवाजे मोठ्यातल्या मोठ्या कारागिराला बंद होते, तेथे ती कला स्त्रीच्या हातूनच पोहोचू शकली. विद्या वाटल्याशिवाय ती पुढे जात नाही, हे येथे व्यवहारानेच सिद्ध केले. १९०५ मध्ये राजा दीनदयाळ निवर्तले. त्यांचा व्यवसाय मुलांच्या हाती राहिला, पण दरबारी वैभवाबरोबर तो ओसरत गेला. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचपट्ट्या १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, म्हणून त्या आज सुरक्षित आहेत.

दरम्यान कोरड्या काचा आल्या, आणि १८८८ मध्ये कोडॅकचा गुंडाळी घातलेला कॅमेरा निघाला. कारकून, शिक्षक, डॉक्टर अशांच्या हाती हे यंत्र हळूहळू येऊ लागले आणि हौशी मंडळांना पुन्हा दिवस आले. १९३७ मध्ये मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया' आणि १९५३ मध्ये देशभरच्या अशा मंडळांचा महासंघ स्थापन झाला. या मंडळांची रीत साधी आहे. सभासद आपले चित्र सर्वांसमोर मांडतो. एखादा ज्येष्ठ उठून सांगतो की क्षितिज तिरके झाले आहे, चेहऱ्यावर सावली कडक पडली आहे, कडेचा खांब उगाच आत आला आहे. ऐकणाऱ्याला क्षणभर वाईट वाटते. पण पुढच्या महिन्यात त्याचे क्षितिज सरळ असते.

आज काळोखी खोली जवळजवळ नाहीशी झाली आहे. खिशातील फोनने कोणीही क्षणात चित्र घेऊ शकतो. द्रावणाचे प्रमाण विचारायला कोणाच्या घरी जावे लागत नाही. परंतु आपले चित्र कोठे चुकले हे आपल्याला सहसा दिसत नाही. ते दुसऱ्याच्या डोळ्यांनाच दिसते. ती गरज १८५४ मध्ये होती तितकीच आजही आहे. नामपल्लीच्या बागेत सकाळी कॅमेरा घेऊन येणाऱ्या तरुणाने एकदा संग्रहालयाच्या बाजूलाही वळावे. दूरच्या अजिंठ्यातील चित्रे येथवर आली ती अनेकांच्या हातांतून. आपल्याला जे येते ते शेजारच्या नवख्याला दाखवून तो घरी परतला, तर ती परंपरा त्याच्याही हातून पुढे जाईल.