जायकवाडी: दुष्काळासाठी बांधलेलं धरण आणि पुराचा पैसा

आज फार लांब जायचं नाहीये. संभाजीनगरहून निघालं की पन्नासेक किलोमीटरवर पैठण. नाथांचं गाव, पैठणीचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर जायकवाडी.

ऑगस्ट २००६. नाशिक आणि नगरकडे धो धो पाऊस. वरची धरणं भरली, त्यांनी पाणी सोडलं, ते सगळं नाथसागरात आलं. नाथसागर आधीच भरत आलेला. मग जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी गोदावरीत सोडावं लागलं आणि पैठण शहरात पाणी शिरलं. ज्यांचं घर तेव्हा बुडालं, ते आजही धरण भरल्याची बातमी आली की आनंदाआधी 'आवक किती?' असं विचारतात.

आता हा आकडा जरा पोटात शिरू द्या. एक टीएमसी म्हणजे दिवसभर साधारण साडेअकरा हजार क्युसेक. त्या हिशोबाने अडीच लाख क्युसेक म्हणजे दिवसाला एकवीस-बावीस टीएमसी. जायकवाडीचा जिवंत साठा साधारण ७६ टीएमसी. म्हणजे एवढं मोठं धरण, पण असा पूर ते कोरडं असतं तरी साडेतीन-चार दिवसांत भरून टाकेल. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात ते कोरडं ठेवतंय कोण?

कारण हे धरण पुरासाठी बांधलेलंच नाही. मूळ विचार बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरण बांधायचा होता. जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र तेच चिकटलं! १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. मधे १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. तेव्हा मराठवाड्याला हवं होतं ते पाणी साठवणं, थोपवणं नाही. सिंचन, पिण्याचं पाणी, नंतर एमआयडीसी. अभियंत्यांकडे कोणत्या तारखेला पातळी किती ठेवायची याचं वेळापत्रक असतं. पण समजा, सप्टेंबरात पुरासाठी जागा म्हणून पाणी सोडलं आणि पुढे पाऊसच आला नाही, तर? उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहणारा माणूस त्या अधिकाऱ्याला सोडेल का?

खास पुरासाठी सरकारने पैसा ओतला, असं याच मुलखाच्या इतिहासात एकदा घडलंय. फक्त इथे नाही, राजधानीत. २८ सप्टेंबर १९०८. हैदराबादला मुसी नदी फुगली. वरच्या पाणलोटातले दोनशेहून जास्त तलाव फुटले. मृतांचा अंदाज पंधरा हजारांच्या घरातला सांगतात. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंचेचं झाड आहे, त्याच्यावर चढून दीडशे माणसं वाचली म्हणे.

निजामाने मग विश्वेश्वरय्यांना बोलावलं. हो, तेच, ज्यांचे स्वयंचलित दरवाजे पुण्याच्या खडकवासल्याला बसले होते. त्यांनी सांगितलं, भिंती शहरात नुसत्या उंच करू नका, पाणी शहराच्या वर अडवा. त्यातून मुसीवर उस्मानसागर झाला (१९२०) आणि इसीवर हिमायतसागर (१९२७). काम दुहेरी: पूर थोपवायचा आणि शहराला पाणी पाजायचं. आता लक्षात घ्या, औरंगाबाद तेव्हा त्याच राज्याचा सुभा. इथल्या शेतकऱ्याचा सारा त्याच खजिन्यात जायचा. मला यात निजामाचं कौतुक करायचं नाही. पूर राजवाड्याच्या दारात आला तेव्हा तिजोरी उघडली, एवढंच दिसतं.

आणि आत्ताचं काय? आपल्याकडे संकटाच्या पैशाची सवय दुष्काळातून आली. आधी आपत्ती, मग पंचनामा, मग मदत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दोन वेगळे निधी लिहिले होते: एक आपत्ती आल्यावर खर्चायचा, एक ती येण्याआधी धोका कमी करायला. राष्ट्रीय पातळीवर पहिला २०१० मध्ये उभा राहिला. दुसरा थेट २०२१ मध्ये! पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांसाठी वाटणी ठरवली ती अशी: शंभरातले ८० रुपये आपत्तीनंतरच्या कामाला, २० आधीच्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा पुन्हा पाण्यात गेला. जायकवाडीतून पुन्हा २ लाखांहून जास्त क्युसेक विसर्ग, पैठणमध्ये पुन्हा सामान उचलून वर न्यायची धावपळ. नदीकाठच्या शेतांची मातीच खरडून गेली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ते लागणारच होतं, ज्याची जमीन गेली त्याला आपण वित्त आयोग समजावत बसू शकत नाही. पण त्या आकड्यात पुढच्या पुरासाठी किती, हे कुणी जोरात विचारलं नाही.

खरं तर सगळंच काही हजारो कोटींचं काम नाही. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल रेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर निळ्या रेषेपर्यंत, शंभर वर्षांतला लाल रेषेपर्यंत. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, असा नियम. पुढच्या वेळी पैठणला नाथांच्या दर्शनाला गेलात, तर घाटावर उभं राहून जरा आजूबाजूला बघा. २००६ चं पाणी कुठवर आलं होतं ते एखाद्या दुकानदाराला विचारा. तो हाताने भिंतीवर दाखवेल.