मातीतल्या ओलाव्याचे मापन : तराजूपासून उपग्रहापर्यंत

पेरणीयोग्य ओलाव्याला मराठीत ‘वाफसा’ असा नेमका शब्द आहे. मूठभर माती दाबून शेतकरी तो पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आला. हाच अंदाज आकड्यांत आणि नकाशावर मांडण्यासाठी विज्ञानाला मात्र दीर्घ वाटचाल करावी लागली.

आजही प्रमाण मानली जाणारी पद्धत वजनाची आहे. मातीचा नमुना तोलायचा, १०५ अंश सेल्सिअसला सुमारे २४ तास वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. घटलेले वजन म्हणजे पाणी. पद्धत अचूक, पण उत्तर एकाच जागेचे आणि तेही दुसऱ्या दिवशी. भारतात १९३२ मध्ये हवामान खात्याची कृषी-हवामान शाखा पुण्यात स्थापन झाली आणि एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली माती व तिच्यालगतच्या हवेचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

विस्तीर्ण प्रदेशाच्या मापनाची वाट पाण्याच्या विद्युत गुणधर्मांनी दाखविली. पाण्याचा विद्युत अपारक स्थिरांक सुमारे ८०, तर कोरड्या मातीचा ३ ते ५ असतो. त्यामुळे ओली आणि कोरडी जमीन सूक्ष्मतरंगांना वेगवेगळा प्रतिसाद देते. ७ जून १९७९ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘भास्कर-१’वर सूक्ष्मतरंग मापक होता, परंतु त्याचा मुख्य रोख समुद्राकडे होता. पिकांच्या आच्छादनाखालची ओल टिपण्यास अधिक लांबीचे तरंग आवश्यक असतात.

नासाच्या ‘स्मॅप’ उपग्रहाने २०१५ मध्ये असे तरंग वापरले. मात्र त्याचे रडार त्याच वर्षी जुलैत बंद पडले. उरलेल्या उपकरणाची नकाशावरील एक चौकट सुमारे ३६ किलोमीटर लांब-रुंद होती. भारतातील सरासरी जमीनधारणा २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार १.०८ हेक्टर, म्हणजे अशा एका चौकटीत लाखाहून अधिक शेते सामावतील!

ही चौकट लहान करण्यासाठी रडारच हवे. इस्रोचा ‘ईओएस-०४’ (१४ फेब्रुवारी २०२२) आणि नासा-इस्रोचा ‘निसार’ (३० जुलै २०२५) या दोन्ही उपग्रहांवर ते आहे. ‘निसार’ दर १२ दिवसांनी त्याच कक्षामार्गावर परततो.

एक मर्यादा मात्र उरतेच. उपग्रहाला मातीचा वरचा सुमारे पाच सेंटिमीटरचाच थर कळतो. काळ्या जमिनीतली रब्बी ज्वारी त्याखाली साठलेल्या ओलीवर वाढते. वरून कोरड्या दिसणाऱ्या रानातही तिच्या मुळांना पाणी मिळत असते. म्हणून सिंचनाचा निर्णय घेताना उपग्रहाच्या नकाशाला शेतातील संवेदकांची आणि मुळांच्या खोलीवरील पाण्याचा हिशेब मांडणाऱ्या प्रारूपांची जोड द्यावीच लागते.