शजरा नसलेल्यांचा इतिहास

जून महिना उजाडला की आमच्या उर्दू शाळेत पालकांपेक्षा आजोबांचीच गर्दी जास्त होते. नातवाला जातीचा दाखला हवा असतो. ओबीसीच्या दाखल्यासाठी वंशावळ लागते आणि १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मग कोणी कोतवाल बुकाची नक्कल मागायला तहसिलीत जातो, कोणी दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागायला आमच्याकडे येतो. जीर्ण रजिस्टर उघडले की आजोबांचे नाव सापडते, जन्मतारीख सापडते. जातीच्या रकान्यात मात्र बहुतेक वेळा एकच शब्द असतो : 'मुसलमान'. पिंजारी, कसाई, बागवान, छप्परबंद, सगळे त्या एका शब्दात गडप झालेले. म्हातारा हिरमुसून परत जातो.

पण हीच मंडळी सोयरिकीच्या बैठकीत बसली की पहिला प्रश्न विचारतात, "खानदान कैसा है?" तिथे सय्यद, शेख, मोगल, पठाण असा जिना उभा राहतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचे, बी.एड. झालेल्या, जमत आलेले स्थळ याच प्रश्नावर मोडले. मुलाकडचे सय्यद होते, मुलीकडचे पिंजारी. मुलाच्या चुलत्यांनी कापडात गुंडाळलेला शजरा काढून दाखवला. मुलीच्या वडिलांकडे दाखवायला काही नव्हते. ते गप्प बसले. त्या दिवसापासून आमच्या मनात प्रश्न आहे की वंशावळ ही चीज नेमकी कशासाठी असते?

या प्रश्नासाठी आम्ही थोडे लांब, सोमालियात जाऊ. तिथे मूल मोठे होते तेव्हा त्याला बाप, आजा, पणजा अशी नावांची साखळी पाठ करवतात. त्याला 'अबतिर्सी' म्हणतात. यात नुसता अभिमान नाही. सोमाली माणूस उंट-बकऱ्या घेऊन फिरणारा. त्या माळरानावर पोलीस नाही, कोर्ट नाही. कोणाच्या हातून खून झाला तर खुनाची भरपाई, म्हणजे दियत, त्याचा गट मिळून देतो आणि मिळून घेतो. कोण कोणाच्या बाजूने उभा राहील हे नावांच्या साखळीवरून ठरते. तिथली वंशावळ म्हणजे विमा आहे.

उत्तरेकडचा इसाक हा तिथला एक मोठा कबिला. शेख इसहाक या अरब बुजुर्गाची आपण औलाद आहोत, असे तो मानतो. शेखसाहेबांची मजार समुद्रकाठच्या मेध गावी आहे. या कबिल्याच्या मोठ्या शाखांच्या नावात 'हबर' हा शब्द येतो : हबर अवल, हबर जेलो, हबर युनिस. हबर म्हणजे वृद्ध स्त्री, आई. परंपरा सांगते की शेखांना दोन बायका होत्या, त्यातली एक हबशी. ज्या समाजात पाठांतर बापांच्या नावांचे होते, तिथे शाखा ओळखल्या जातात त्या आयांवरून!

मात्र याच समाजात लोहारकाम करणारे तुमाल आहेत, कातडे कमावणारे मधिबान आहेत. तेही मुसलमान, तेही सोमाली बोलणारे. तरी मोठे कबिले त्यांना मुलगी देत नाहीत. सन २००० मध्ये जिबूतीतल्या अर्ता येथे सोमालियाचे सरकार बनवण्याची परिषद भरली, तेव्हा चार मोठ्या कबिल्यांना एकेक सारखा वाटा आणि बाकी सगळ्यांना मिळून अर्धा वाटा, असा हिशोब ठरला. त्या अर्ध्यात हे कारागीर होते आणि ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले ते बंटूही होते. सोयरिकीच्या त्या बैठकीत पिंजारी बापाची जी गत झाली, ती आम्हाला या हिशोबात दिसते.

आता दख्खनमध्ये परत येऊ. आफ्रिकेच्या त्याच भागातून, सोमालियाच्या शेजारच्या हबशातून, आपल्याकडे जी माणसे आली त्यांची साखळी बाजारात तुटली होती. गुलामाला बापाचे नाव कोण विचारणार? १५४८ च्या सुमारास जन्मलेल्या एका हबशी मुलाचे नाव होते चापू. तो विकला गेला. बगदादच्या मालकाने त्याचे नाव ठेवले अंबर. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले, आणि हा चंगेजखानही हबशीच! १५७४ मध्ये निजामशाहीने इमादशाही बुडवून वऱ्हाड घेतले, तेव्हा आपला वाशीमचा मुलूखही त्या राज्यात गेला. धनी मेल्यावर अंबर मोकळा झाला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा बुडत्या राज्याला त्यानेच नवा सुलतान दिला आणि आपली मुलगी त्या सुलतानाला दिली. १६१० मध्ये त्याने खडकी शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्याच बाजूने लढले. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या दिल्या. पण १६२६ मध्ये अंबर वारला, तेव्हा त्याच बादशहाच्या इतिहासकाराला त्याची तारीफ लिहावी लागली.

अंबरच का? आपल्या वऱ्हाडची इमादशाही स्थापणारा फतहुल्ला इमादुल्मुल्क हाही विजयनगरच्या मुलखातून लहानपणी पकडून आणलेला. इतिहासकार फरिश्ता त्याचे कूळ कानडी हिंदू सांगतो. वऱ्हाडच्या पहिल्या सुलतानालाच शजरा नव्हता!

जंजिऱ्याच्या सिद्दींची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथे धनी मेला की मुलगा गादीवर बसत नसे. आरमारातला पहिला अधिकारी पुढे येई. १६७० च्या सुमारास किल्लेदार फतहखान किल्ला शिवाजीमहाराजांच्या हवाली करायला निघाला, तेव्हा त्याच्याच सिद्दी साथीदारांनी त्याला कैद करून कारभार हाती घेतला. ज्यांना भाऊबंद नव्हते त्यांनी कर्तबगारीतून भाऊबंद केले. अठराव्या शतकात मात्र तिथेही घराणे आले, वारस आले. १७३३ मध्ये वारसांच्या भांडणात रक्त सांडले आणि बाजीराव पेशव्यांची मोहीम जंजिऱ्यावर आली. पुढच्या अशाच एका तंट्यातून १७९१ मध्ये गुजरातेत सचिन नावाचे वेगळे संस्थान निघाले. नसब आली आणि एकी गेली.

इब्ने खल्दून यांनी सहाशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे की नसब ही मानण्याची गोष्ट आहे. तिचा उपयोग माणसे जोडण्यापुरता. सूरह हुजुरातमध्येही कबिले ओळखीसाठी आहेत, इज्जत मात्र तकव्यावर, असेच सांगितले आहे. आम्ही हे वाझमध्ये ऐकतो, मान डोलावतो आणि सोयरिकीच्या बैठकीत विसरतो. कसायांनी कुरेशी नाव घेतले, विणकरांनी अन्सारी घेतले. त्यांना हसण्याचे कारण नाही. अपमान टाळण्यासाठी माणूस मोठ्या नावाच्या आडोशाला जातो. पण तो आडोसा आता त्यांच्याच नातवाला आडवा येतो. कचेरीत पिंजारी असल्याचा पुरावा हवा असतो आणि घरात पिंजारी शब्द पुसण्यात दोन पिढ्या गेलेल्या असतात.

म्हणून यंदा आम्ही सातवीच्या मुलांना एक काम दिले. जितकी नावे खात्रीने माहीत तितकीच लिहा. बापाकडची लिहा, आईकडचीही लिहा. आणि प्रत्येक नावापुढे तो माणूस काय काम करत होता ते लिहा. बहुतेकांची साखळी चौथ्या नावावर थांबली. एका मुलीने पणजीचे नाव लिहून पुढे लिहिले : 'गाद्या भरत होती.' आम्ही त्या ओळीखाली लाल शाईने 'शाबाश' लिहिले आणि वही घरी वडिलांना दाखवायला सांगितली.