चष्म्याविना वाचता येणारे पान

१२ मार्च १४५५ रोजी एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी ह्यांनी स्पेनचे कार्डिनल हुआन दे कार्वाहाल ह्यांना एक पत्र लिहिले. आदल्या वर्षी फ्रँकफुर्ट येथे त्यांना एका नव्या बायबलचे काही सुटे भाग पाहावयास मिळाले होते. त्यातील अक्षर इतके स्वच्छ व निर्दोष होते, की कार्डिनलमहाराजांना ते चष्म्याविना सहज वाचता येईल, अशी ग्वाही त्यांनी दिली. प्रती १५८ की १८०, ह्याविषयी त्यांच्या कानी दोन आकडे आले होते. ग्रंथ पुरा होण्यापूर्वीच गिऱ्हाइके तयार होती, असेही ते कळवतात. पुढे १४५८ साली हेच गृहस्थ पोप पायस दुसरे झाले. माइन्झच्या गुटेनबर्गने छापलेल्या बायबलविषयीचा हा अगदी आरंभीचा अभिप्राय. मला त्यात विशेष वाटते ते हे, की यंत्राच्या नवलाईपेक्षा वाचणाऱ्याच्या डोळ्यांची सोय पिकोलोमिनींना सांगावीशी वाटली.

ही सोय मात्र महाग होती. गुटेनबर्गने मोठा रॉयल ताव घेतला आणि एकदाच दुमडून त्याची चार पृष्ठे केली. पान सुमारे ४० सेंटिमीटर उंच, मजकूर दोन स्तंभांत, चहूबाजूंस ऐसपैस समास. आरंभीच्या पृष्ठांत स्तंभाच्या ४० ओळी आहेत. दहाव्या पृष्ठावर त्या ४१ होतात आणि तेथून पुढे ४२. स्तंभाची उंची वाढविलेली नाही. ओळींमधील अंतर तेवढे किंचित घटविले आहे. कागदाची बचत हेच कारण असावे. ग्रंथाची पृष्ठे १२८६. सारा ग्रंथ ४० ओळींनी छापला असता तर ढोबळ हिशेबाने ६४ पृष्ठे, म्हणजे प्रतीमागे १६ ताव, अधिक लागले असते. सुमारे तीन-चतुर्थांश प्रती कागदावर होत्या आणि कागद इटलीहून येत असे. त्या कागदी प्रतींपुरते पाहिले तरी दोन हजारांहून अधिक तावांचा हा प्रश्न होता.

ह्याच्या उलट उदाहरणही जवळच सापडते. १४६०च्या सुमारास, बहुधा बाम्बर्ग येथे, ३६ ओळींचे बायबल निघाले. तोच लॅटिन मजकूर, पण खिळे मोठे. पृष्ठे झाली १७६८! वाचकाच्या डोळ्यांस दिलेली ही सवलत ४८२ पृष्ठांची होती.

अर्थात मोठे अक्षर नेहमीच योग्य ठरते, असे नव्हे. ग्रंथ कोठे ठेवून वाचावयाचा, ह्यावर पुष्कळ अवलंबून असते. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांसाठी, तसेच पायी हिंडून प्रवचने करणाऱ्या डॉमिनिकन व फ्रान्सिस्कन बंधूंसाठी, संपूर्ण बायबलच्या लहान हस्तलिखित प्रती तयार होत. अतिशय पातळ चर्मपत्र, मुंगीएवढे अक्षर, पण सारे शास्त्र एका झोळीत मावत असे. वेदीवरच्या ग्रंथाची गोष्ट निराळी. मिस्साच्या मध्यवर्ती प्रार्थनेच्या वेळी धर्मगुरूंचे हात पसरलेले. पुस्तक उचलून डोळ्यांजवळ नेण्याची सोय नाही, आणि उजेड मेणबत्तीचा. म्हणून १४५८ साली फुस्ट आणि शॉफर ह्या माइन्झच्या मुद्रकांनी तेवढा 'कॅनन' स्वतंत्रपणे, चर्मपत्रावर, आपल्या स्तोत्रसंहितेच्या थोर खिळ्यांत छापला. पुढे मुद्रकांच्या बोलीत एका मोठ्या खिळ्यास 'कॅनन' म्हणू लागले. सुमारे आठ पॉइंटांच्या बारीक खिळ्यास इंग्रज मुद्रक 'ब्रेव्हियर' म्हणत, कारण खिशातल्या ब्रेव्हिअरीसाठी तो वापरला जाई, असे सांगतात. वेदी आणि खिसा, दोन्ही जागा छापखान्याच्या शब्दकोशात अशा नोंदल्या गेल्या.

आपल्या लिपीपुढे अडचण आणखी एक होती. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६०८ साली रोमला पत्र लिहून देशी लिपीत ग्रंथ छापण्याची परवानगी मागितली होती. अक्षरे जोडून बनत असल्याने साचे सहाशेपर्यंत जातात, पण ते दोनशेवर आणता येतील, असे त्यांचे म्हणणे होते. ते घडले नाही. १६१६ साली रायतूर येथे त्यांचे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. देवनागरीत वेलांटी व रफार माथ्यावर, तर उकार पायाशी. त्यामुळे खिळ्याच्या उंचीतला मोठा भाग मात्राच घेतात. दहा पॉइंटांत इंग्रजी मजकूर सुखाने वाचता येतो. त्याच मापात मराठी अक्षराचा मधला भाग आखडून जातो. बारा पॉइंट घ्यावे, ओळींत मोकळीक ठेवावी, तेव्हा कोठे साठीच्या वाचकाला दिलासा मिळतो. हे ठाऊक असूनही, माझ्या माहितीतल्या एका प्रार्थनापुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत एक फर्मा वाचविण्यासाठी अक्षर बारीक केले गेले. वयस्कर मंडळी जुन्या, फाटक्या प्रती शिवून वापरीत राहिली.

आता पुस्तक मोबाइलवरही येते. येथे दोन वाटा आहेत. डेमी आकाराचे, साडेपाच इंच रुंदीचे छापील पान पीडीएफ करून जसेच्या तसे धाडले, तर पावणेतीन इंचांच्या पडद्यावर बारा पॉइंटांचे अक्षर सहा पॉइंटांचे होते. ते बोटांनी मोठे करावे, तर प्रत्येक ओळीस पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते. ईपबमध्ये पानाला ठरावीक मापच नसते; वाचक अक्षर वाढवितो आणि ओळी आपोआप नव्याने बसतात. गद्यासाठी ही व्यवस्था मला निःसंशय अधिक चांगली वाटते. परंतु ओवीचे काय? अक्षर थोडे वाढविले की दीर्घ चरण मध्येच मोडतो, उरलेला शब्द खाली एकटा पडतो, आणि चरण कोठे संपला ते समजत नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ख्रिस्तपुराणाची आवृत्ती मोबाइलसाठी करावयाची तर मोडलेला भाग थोडा आत सरकवून बसवावा लागेल, म्हणजे नवा चरण तेवढा डाव्या कडेपासून सुरू होईल. हे काम जुन्या जुळाऱ्याचे. ते करणारा माणूस आता संगणकापुढे बसवावा लागेल.