तीन औषधं, एक ट्यूब

या वीकेंडचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, दिवसभर कोड पाडणाऱ्या माणसाला चेहऱ्याच्या क्रीमशी काय देणंघेणं? तर झालं असं की...

दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, गालांवर वांग आले. शेजारच्या एका वहिनींना एका ट्यूबने 'मस्त फरक' पडला होता. ती ट्यूब मेडिकलमधून आणली मीच. चिठ्ठी कुणी मागितली नाही, मीही खोक्यावरचं वाचलं नाही. तीन आठवड्यांत डाग फिके झाले, सुरकुत्याही कमी वाटायला लागल्या. काकू खूश, ताई खूश, मी हिरो! सहा-सात महिन्यांनी चेहरा लाल, उन्हात गेलं की आग, बारीक लाल शिरा दिसायला लागलेल्या. क्रीम बंद केलं की आणखी भडका. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "कुठली ट्यूब लावताय?"

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. हे त्रिकूट एकत्र आणलं कुणी, हा भुंगा डोक्यात शिरला आणि दोन शनिवार-रविवार त्यात गेले.

या तिघांची मोट पहिल्यांदा बांधली ती फिलाडेल्फियात. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी विलिस यांनी १९७५ साली एक फॉर्म्युला छापला : ५ टक्के हायड्रोक्विनोन, ०.१ टक्के ट्रेटिनॉइन आणि ०.१ टक्के डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. डिझाइन म्हणून बघाल तर दाद द्यावी लागते. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतं. ट्रेटिनॉइन पेशींची उलाढाल वाढवतं आणि हायड्रोक्विनोनला आत शिरायला मदत करतं. ट्रेटिनॉइनमुळे होणारी जळजळ स्टेरॉइड शांत करतं, आणि स्टेरॉइडने त्वचा पातळ होते त्याला ट्रेटिनॉइन थोडा आळा घालतं. प्रत्येक मॉड्यूल दुसऱ्याची उणीव झाकतंय!

यातल्या ट्रेटिनॉइनची कथा वेगळीच आहे. 'अ' जीवनसत्त्वाचं हे आम्ल. क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली ते मुरमांवर चालतं हे दाखवलं, १९७१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मग मुरमांसाठी ते लावणाऱ्या मध्यमवयीन बायका सांगू लागल्या, डॉक्टर, सुरकुत्याही कमी झाल्यात. १९८८ साली मिशिगन विद्यापीठाने ३० जणांवर १६ आठवड्यांची चाचणी छापली. एका हातावर ट्रेटिनॉइन, दुसऱ्यावर साधं क्रीम. तिसांच्या तीस जणांत औषधाच्या हातावर फरक दिसला. बहुतेकांची त्वचा लाल होऊन सोललीसुद्धा, पण ते लोकांनी कशाला लक्षात ठेवायचं? औषधाच्या दुकानांत झुंबड उडाली. बारीक सुरकुत्यांसाठी अधिकृत मान्यता मात्र १९९५ साली आली.

इथपर्यंत वाचून मी क्लिगमनसाहेबांचा फॅन झालो होतो. मग होम्सबर्ग हे नाव समोर आलं.

होम्सबर्ग हे फिलाडेल्फियातलं तुरुंग. १९५१ ते १९७४ अशी तेवीस वर्षं क्लिगमन यांनी तिथल्या कैद्यांवर प्रयोग केले. ट्रेटिनॉइनच्या चाचण्याही तिथे झाल्या. कैदी बहुतांश कृष्णवर्णीय. कित्येकांवरचा खटला सुरूही झाला नव्हता, जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत. प्रयोगाचे थोडे डॉलर मिळायचे, म्हणून पाठ पुढे करायची. काय लावलं जातंय हे धड कुणी सांगत नव्हतं. काहींच्या त्वचेवर तर डायऑक्सिन हे विष लावलं गेलं. १९९८ साली अॅलन हॉर्नब्लम यांच्या पुस्तकाने हे सगळं चव्हाट्यावर आणलं. २००० साली जवळपास ३०० माजी कैदी कोर्टात गेले, पण मुदत उलटून गेली म्हणून दावा निकालात निघाला. क्लिगमन २०१० साली वारले. फिलाडेल्फिया शहराने माफी मागितली ती २०२२ साली.

तोवर फॉर्म्युला जगभर फिरला होता. अमेरिकेत २००२ साली मान्य झालेल्या तिहेरी क्रीममध्ये स्टेरॉइड सौम्य आहे आणि वापर आठ आठवड्यांपर्यंतच, असं त्यावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे मात्र त्याच जागी मोमेटासोनसारखं जोरकस स्टेरॉइड बसलं आणि ट्यूब 'गोरं करणारं क्रीम' म्हणून खपली. २०११ साली भारतातल्या १२ केंद्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड लावत होते! २०१८ साली केंद्र सरकारने अशा बऱ्याच मलमांची चिठ्ठीविना विक्रीची सवलत काढून घेतली. कागदावर.

आमच्या धंद्यात एक वाईट सवय असते. प्रोग्राम क्रॅश होतोय ना, मग ट्राय-कॅच लावा आणि एरर गिळून टाका. वरून सगळं छान चालतं, आत बिघाड साठत जातो. जास्त दिवस लावलेलं स्टेरॉइड हेच करतं. लाली दिसत नाही म्हणून त्वचा बरी आहे असं वाटतं, आणि ते काढलं की सगळ्या एरर एकदम बाहेर!

ट्रेटिनॉइन वाईट नाही. सुरकुत्यांवर सर्वात भरभक्कम पुरावा असलेल्या औषधांत ते आजही आहे. तिहेरी फॉर्म्युलाही डॉक्टरांच्या हातात, मोजक्या आठवड्यांसाठी, उपयोगाचा आहे. पण 'दोन चांगल्या गोष्टी एकत्र म्हणजे दुप्पट चांगलं' हा हिशोब इथे चालत नाही. कोण कुणाला झाकतंय हे बघावं लागतं. आणि होम्सबर्गमध्ये जे सांगितलं नाही ते निदान आपल्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. मी ते वाचलं नाही, हा माझा गुन्हा.

ताईचा चेहरा सावरायला वर्ष गेलं. आता ती डॉक्टरांनी दिलेलं सनस्क्रीन लावते, बाकी काही नाही. परवा म्हणाली, "तू आणलेलं फक्त चितळ्यांची बाकरवडी घेईन हं मी यापुढे!"

असो. घरात अशी ट्यूब असेल तर एकदा उलटी करून वाचा. 'सोन'ने संपणारं नाव दिसलं तर डॉक्टरांना विचारा. आणि बरेच महिने लावत असाल तर मनाने एकदम बंदही करू नका, तेही त्यांनाच विचारून.