कुपोषित बालकांवर गावातच उपचार : ग्राम बालविकास केंद्र कसे चालते?

अंगणवाडीतल्या वजन-उंचीत एखादं लेकरू 'सॅम' म्हणजे तीव्र कुपोषित निघालं की घरचे घाबरतात. आता मोठ्या दवाखान्यात न्यावं लागणार का? दरवेळी तशी गरज नसते. भूक चांगली आहे, दुसरा आजार नाही, अशा बालकाची काळजी गावातच घेता येते. त्यासाठी राज्यात अंगणवाडी पातळीवर ग्राम बालविकास केंद्राची (व्हीसीडीसी) सोय आहे.

ओळखायचं कसं?
6 महिने ते 5 वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित, 11.5 ते 12.5 च्या दरम्यान असेल तर मध्यम कुपोषित ('मॅम'). उंचीच्या मानाने फारच कमी वजन आणि दोन्ही पायांवर सूज, याही तीव्र कुपोषणाच्या खुणा आहेत. सुजेमुळे बाळ गुटगुटीत दिसतं आणि वजनकाटाही फसतो. म्हणून पाय दाबून पाहणे महत्त्वाचे. बोटाचा खड्डा तसाच राहिला तर गावात थांबू नये.

केंद्रात काय मिळतं?
अशक्त बालकाला एका वेळी पोटभर जेवण जात नाही. त्यामुळे थोडा थोडा, पण जास्त ऊर्जेचा आहार दिवसातून अनेकदा भरवला जातो. साध्या बालकासाठी पूरक आहारात रोज 500 उष्मांक, तर तीव्र कुपोषितासाठी 800 उष्मांक आणि 20 ते 25 ग्रॅम प्रथिने असा निकष आहे. वजनाची नोंद सेविका ठेवते, तपासणी व औषधे आरोग्य विभागाकडे.

कधी हलवायचं?
खायला नकार, ताप, जुलाब-उलट्या, सुस्ती किंवा सूज दिसली तर बालकाला आईसह पोषण पुनर्वसन केंद्रात (एनआरसी) पाठवतात. मुक्काम साधारण 14 दिवसांचा असतो. आईला बुडीत मजुरी मिळते. पण घरी राहिलेल्या भावंडांकडे कोण बघणार, हा प्रश्न सुटला नाही तर आई मध्येच घरी परतते.

अडतं कुठं?
अंगणवाडी दुपारी बंद होते, आईबाप तोवर रानातच असतात. संध्याकाळचं भरवणं आजी किंवा शेजारणीवर नावानिशी सोपवलं तरच ते होतं. दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलं की सुधारलेलं वजन पुन्हा घसरतं. जाण्याआधी सेविकेला ठिकाण सांगितलं तर तिकडच्या अंगणवाडीत नोंद करून आहार सुरू ठेवता येतो.

ग्रामपंचायत काय करू शकते?
स्वउत्पन्नातला 10 टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी ठेवायचा असतो. पेसा गावांना 5 टक्के अबंध निधीही मिळतो. अंडी, शेंगदाणे, गूळ, बिघडलेला वजनकाटा, दवाखान्यापर्यंतची गाडी, घरी राहिलेल्या भावंडांचं जेवण, हा खर्च ग्रामसभेत मांडता येतो. केंद्रातून सुटलेल्या बालकाचं वजन पुढे दर महिन्याला कोण बघणार, तेही त्याच सभेत ठरवून घ्यावं.